पुलाच्या चढावर थांबलेली जीप

मागच्या वर्षी सणाच्या मिरवणुकीत इझाबेलने पुलाच्या चढावर ब्रेक दाबला आणि जीप थांबली नाही. थांबल्यासारखं केलं, मग हळूच मागे सरकायला लागली. आधी वीतभर, मग हातभर. वर मरियामातेची मूर्ती, भोवती फुलांची कमान, आणि मागे जीपला अगदी खेटून गाणाऱ्या बायका. इझाबेलने हँडब्रेक मुळासकट उपटावा तसा ओढला. तरी गाडी येतच होती. शेवटी पहिला गिअर टाकून तिने क्लच सोडला, इंजिन आचका देऊन बंद पडलं, तेव्हा कुठे जीप उभी राहिली. मूर्ती जागची हलली नाही. पण घाईघाईने मागे सरताना सेलिन मावशी पडली आणि तिचं मनगट मोडलं.

सेलिन मावशी गाणाऱ्या बायकांची म्होरकी. मिरवणुकीतलं प्रत्येक गाणं तिच्या तोंडून सुरू होतं, मग बाकीच्या सूर धरतात. मूर्तीच्या पाठीमागची पहिली जागा तिची. ती जागा तिला कोणी दिलेली नाही आणि तिच्याकडून कोणी मागितलेलीही नाही. प्लॅस्टर होतं तोवर इझाबेल तिच्याकडे जात राहिली. कधी वाडीतली केळी, कधी माशाचं कालवण. मावशी सगळं घ्यायची, गप्पा मारायची, हसायचीसुद्धा. एकदा मात्र म्हणाली, "हात सांधला गं पोरी. पन तुज्या जीपच्या मागं मी काय आता चालनार नाय."

रागाने म्हणाली असती तर इझाबेलने पाय धरले असते. मावशी तर पावसाआधी छपराची कौलं चाळून घ्यायला सांगावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली. त्या दिवसापासून इझाबेलच्या मनाने एकच धरलं: मावशीला तिच्या जागेवर परत आणायचं.

त्या चढाचीही एक गोष्ट आहे. नायगावच्या खाडीकडे इझाबेलचं गाव. पूर्वी तिथे बसका, जुना पूल होता आणि अलीकडे सपाटीवर, रस्त्याच्या कडेला क्रूस होता. नवा पूल उंच बांधला, रस्ता चढाचा झाला आणि क्रूस नेमका अर्ध्या चढावर आला. तो हलवायला कोणी तयार होईना. प्रत्येक क्रूसापाशी मूर्ती थांबवून प्रार्थना करायची, ही रीतही कोणी सोडेना. त्यामुळे दर वर्षी लादलेली जीप अर्ध्या चढावर उभी करायची आली. त्यातून सण उधाणाच्या दिवसांत आला की पुलाच्या अलीकडे खाडीचं पाणी रस्त्यावर चढतं. मागच्या वर्षी चाकं त्या पाण्यातून भिजून थेट चढाला लागली होती.

यंदाच्या सणाची बैठक चर्चच्या पडवीत भरली. ॲन्सेल्म काका कमिटीचे मुख्य. शाळेतून निवृत्त झाले तरी बोलताना समोर वर्ग असल्यासारखं बोलतात.

"यंदा टेम्पो सांगू या," काका म्हणाले. "नवा कोरा आहे. नालासोपाऱ्याच्या एका मंडळाने गणपतीला नेला होता. काही तक्रार नाही."

"टेम्पोवाल्याला चढावर थांबता येईल ना?" कोणीतरी विचारलं.

"ब्रेक असले की कोणालाही थांबता येतं," काका म्हणाले, आणि सगळी पडवी इझाबेलकडे न बघण्याच्या खटपटीला लागली.

इझाबेल उठून उभी राहिली. "काका, जीपला मागे डिस्क ब्रेक लावते. सणाच्या आदल्या शनिवारी भरतीच्या वेळेला पुलावर या. चढावर थांबली नाही तर टेम्पोला फुलं मी बांधीन."

"आणि थांबली तर?"

"तर जीपला तुम्ही बांधा."

फादर हसले. काकांनीही मान डोलावली. कोपऱ्यात बसलेली सेलिन मावशी मात्र जपमाळेचे मणी ओढत राहिली, जसं काही जीप दुसऱ्याच गावची आहे.

इझाबेलचं गॅरेज सातिवलीला. म्हणजे तिचा नवरा ज्युड याचं. लग्न झालं तेव्हा तिला गाडीतलं एवढंच कळायचं की पुढे बसलं की वारा लागतो. ती रोज दुपारी ज्युडचा डबा घेऊन जायची आणि तो जेवेस्तोवर लोखंडाच्या ढिगाऱ्यावर बसून राहायची. मग एकदा गिअरबॉक्स उचलता उचलता ज्युडच्या कमरेने दगा दिला. डॉक्टरांनी वाकायचं बंद केलं, गाडीखाली झोपायचं तर सोडाच. गॅरेज बंद करावं असं सगळे म्हणत होते. इझाबेलने डबा खाली ठेवला आणि पाना हातात घेतला. ज्युड खुर्चीवर बसून सांगायचा, ती करायची. पुढे तो सांगायच्या आधीच करायला लागली, आणि मग त्याच्याशी वाद घालून करायला लागली. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी हातावर बारीक डाग पडले. नवीन गिऱ्हाईक अजूनही आत येऊन विचारतं, "मिस्त्री कुठे गेलेत?" ती तोंडावरचा वेल्डिंगचा मुखवटा वर सारते आणि म्हणते, "आलेच बघा."

मूर्तीची जीप ज्युडनेच बांधलेली. पुढचं धड एका गाडीचं, मागचा ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, दुसऱ्याच मोठ्या गाडीचा. तो रुंदीला जास्त होत होता म्हणून दोन्ही बाजूंनी कापून, आखूड करून बसवलेला. अशा ॲक्सलला बाजारातलं तयार काही लागत नाही. सगळं हाताने घडवावं लागतं.

"जुन्या ड्रम ब्रेकलाच नवे लायनर टाक," ज्युड म्हणाला. "इतकी वर्षं चाललेत ना?"

"इतकी वर्षं रस्ता सपाट होता."

"म्हणून काय सगळी गाडीच उलटीपालटी करायची?"

"ज्युड, ड्रम म्हणजे झाकण लावलेलं पातेलं. खाडीचं पाणी एकदा आत गेलं की आतच फिरतं. लायनर भिजतात आणि घसरतात. डिस्क म्हणजे उघडी थाळी. चाक फिरलं की पाणी उडून जातं."

"हे तुला कोणी शिकवलं?"

"तूच. जेवताना."

ज्युडने कमरेचा पट्टा घट्ट केला आणि खुर्ची ॲक्सलजवळ ओढली. त्याचं हो म्हणणं हे असंच असतं.

त्यांच्या गॅरेजात ॲक्सलवर काम करायची एक ठरलेली पद्धत आहे. ॲक्सल काढायचा आणि पोट वर करून, म्हणजे उलटा, दोन लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, टाकायचा. ज्युडने घोड्या केल्या तेव्हा त्याला ॲक्सलच्या खालच्या अंगालाच वेल्डिंग करायचं होतं, म्हणून त्यांच्या खोबणी तशाच घडवलेल्या. सुलटा ठेवला तर ॲक्सल डुगडुगतो. इतक्या वर्षांत तो तिथे दुसऱ्या तऱ्हेने कोणी ठेवला नाही आणि तो उलटा आहे हेही कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

इझाबेलने ॲक्सल घोड्यांवर घेतला. खडूने त्यावर, वरच्या अंगाला, बोटभर क्रूस काढला. कुठल्याही कामाला हात घालण्याआधीची ही तिची सवय.

"क्रूस काढलास," ज्युड म्हणाला, "आता माप पण घे."

जुने ड्रम उतरवले. आतून मिठाची पांढरी खपली निघाली. भंगारातून तिने एका गाडीचे मागचे कॅलिपर आणले होते. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा जबडा. हे कॅलिपर हँडब्रेकची सोय असलेले होते, आणि चढासाठी तेच हवे होते. पण जबडा धरून ठेवायला पत्रा, म्हणजे ब्रॅकेट, हवा, तो या ॲक्सलसाठी जगात कुठेच तयार मिळणार नव्हता. लग्नाच्या मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तिने आधी नमुना केला. कात्री लावायची, बसवून बघायची, पुन्हा कापायची. पुठ्ठा मनासारखा बसला तेव्हा तो जाड लोखंडी प्लेटवर ठेवून आखला आणि ब्रॅकेट कापले.

डिस्कचं मधलं भोक ॲक्सलच्या तोंडाला लहान पडत होतं. ते मोठं करायला शेजारच्या गाळ्यात चंद्रहासकडे गेली. चंद्रहास कणकवलीकडचा, नालासोपाऱ्याला राहतो आणि लेथ मशीनवरच्या गणपतीच्या फोटोला रोज ताजं फूल वाहतो.

"वहिनी, भोक थोडं सैल ठेवू का? बसवायला बरं पडेल."

"भाऊ, सैल नको. डिस्क हलली तर सगळंच हललं. हाताने दाबून बसली पाहिजे, हातोडीने नाही."

"मूर्तीची गाडी आहे म्हणून एवढं?"

"मागे माणसं चालतात म्हणून एवढं."

चंद्रहासने मशीन पुन्हा सुरू केलं. डिस्क हाताने दाबून बसली. मग ब्रॅकेट बोल्टने आवळून कॅलिपर चढवले. डिस्क जबड्याच्या बरोबर मध्ये येईना, म्हणून पातळ पत्र्याच्या चकत्या घालून घालून ती मध्ये आणली. हवा काढायचा स्क्रू वरच्या बाजूला येईल असा एकेक कॅलिपर लावला, कारण तेलातली हवा पेडल मऊ पाडते, आणि ती वरच चढते, वरूनच बाहेर पडते. हे इझाबेल झोपेतही विसरणार नाही.

सगळं झाल्यावर चेनपुलीने ॲक्सल उचलला, वळवला आणि जीपखाली बसवला. हँडब्रेकची केबल मात्र नीट येईना. खालून सरळ यायला हवी ती वरून वळसा घालूनच पोचायची. इझाबेलने एक कडी लावून तिला वळण दिलं. "चालेल," ज्युड म्हणाला. तिलाही चालेलसं वाटलं. ब्रेकच्या नळ्या जोडल्या, तेल भरलं, ज्युड सीटवर बसला.

"दाब."

"दाबलं."

"धर." खालून तिने स्क्रू सैल केला. तेल आलं, बुडबुडे आले. स्क्रू आवळला. "सोड."

संध्याकाळपर्यंत हेच चाललं. तेलाचे डबे रिकामे होत गेले, पण पेडल काही कडक होईना. पाय ठेवला की ओल्या भातात रुतल्यासारखा खाली जायचा.

दुसऱ्या दिवशी पेडलचा जोर तेलावर टाकणारा मास्टर सिलिंडर खोलून पाहिला, तो ठणठणीत होता. नळ्यांचा प्रत्येक सांधा कोरड्या फडक्याने पुसून पाहिला, कुठे थेंब नाही.

"पुढच्या ब्रेकवर थांबेल गं," ज्युड म्हणाला. "चढावर मागे दगड लावायला दोन माणसं उभी करू."

"दगड लावूच. पण मावशीला काय सांगू? ब्रेक नाहीत, दगड आहेत, चल माझ्या मागून?"

"तिला सांगितलंच पाहिजे असं कुठे आहे?"

इझाबेलने त्याच्याकडे असं पाहिलं की ज्युड पेडलकडे बघायला लागला.

ती पुन्हा जीपखाली गेली. पोत्यावर पाठ टेकली, दिवा जवळ ओढला. काय बघायचं राहिलंय ते तिला कळत नव्हतं, म्हणून ती नुसतीच पडून राहिली. ओठांवर आपसूक नमो मारिया आलं. प्रार्थना अर्ध्यावर असताना तिला तोंडाच्या अगदी वर, ॲक्सलच्या पोटावर, खडूचा क्रूस दिसला.

पुसट झालेला, पण तिनेच काढलेला. ती थांबली. क्रूस तर तिने वर काढला होता. उभ्याने, ॲक्सलच्या माथ्यावर. मग तो खाली, तिच्या नाकासमोर कसा?

तिने मान वळवून कॅलिपरकडे पाहिलं. हवा काढायचा स्क्रू जमिनीकडे तोंड करून होता. दुसऱ्या बाजूचाही तसाच. सगळी हवा वरच्या पोकळीत आरामात बसली होती आणि ते दोघं खालून तेल ओतून काढत होते.

"ज्युड!"

"काय? काय झालं? लागलं का?"

"आपण ॲक्सल उलटा ठेवून काम केलं!"

"आपण नेहमीच उलटा ठेवतो."

"तेच तर! वर म्हणून लावलं ते खाली आलं. डावा कॅलिपर उजवीकडे गेलाय आणि उजवा डावीकडे. केबल उगाच नव्हती वाकडी जात!"

वर सीट करकरली आणि ज्युड खो खो हसायला लागला. हसता हसता कमरेत कळ आली तरी थांबेना.

"तुला कसं कळलं गं?"

"क्रूस खाली दिसला."

"मग म्हण की देवानेच दाखवलं."

"देवाने दाखवलं, पण उलटं ठेवलं तुझ्या घोड्यांनी. उद्या त्या कापून नवीन करायच्या."

ब्रॅकेट तिने दोन्ही बाजूंनी सारखे, बरोबर मधोमध केले होते, म्हणून काही तोडावं लागलं नाही. डावा कॅलिपर डावीकडे, उजवा उजवीकडे. चकत्या पुन्हा एकदा लावून बघितल्या. केबलची कडी काढली तर केबल खालून सरळ, आखल्यासारखी जाऊन बसली. पुन्हा तेल, पुन्हा "दाब, धर, सोड". या वेळी स्क्रू सैल केल्यावर आधी नुसता फेस आला, मग मोठे बुडबुडे, मग तेलाची अखंड धार. ज्युडने पाय दाबला आणि वरून ओरडला, "दगड झालाय!"

"कोणता?"

"पेडल गं बाई, पेडल!"

शनिवारी भरतीच्या वेळी ॲन्सेल्म काका छत्री घेऊन पुलाजवळ उभे होते. कमिटीचे आणखी चार-पाच जण होते. सेलिन मावशी पुलाच्या कठड्याला टेकून उभी होती, कोळंबी आणायला निघाले होते म्हणाली. मूर्तीच्या वजनाच्या जागी जीपमध्ये वाळूच्या गोणी टाकल्या होत्या. चंद्रहासने लाकडाचे दोन मोठे गुटके करून दिले होते, तेही सोबत होते.

रस्त्यावरच्या पाण्यातून इझाबेलने जीप एकदा नेली, वळवली आणि पुन्हा पाण्यात घातली.

"अगं, मुद्दाम कशाला भिजवतेस?" काका ओरडले.

"मागच्या वर्षी कोरडी होती का?"

मग ती चढाला लागली. क्रूसापाशी आली, ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, गिअर काढला. आणि उतरली. जीपकडे पाठ करून चार पावलं चालत काकांपर्यंत आली. जीप मात्र खांब पुरल्यासारखी उभी होती. काका वाकून चाकांकडे बघत राहिले. छत्रीच्या टोकाने त्यांनी टायर टोचूनही पाहिला, जणू त्याला गुदगुल्या होतील.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "फुलं कुठली बांधायची?"

इझाबेलने मावशीकडे पाहिलं.

"गोनी घेऊन उभी ऱ्हायली, त्यात काय?" मावशी म्हणाली. "गोनी गात नाय." आणि कोळंबीच्या वाटेला लागली.

सणाच्या दिवशी जीप पांढऱ्या आणि निळ्या फुलांनी भरली. काकांनी खरोखरच माळा बांधल्या, शिडीवर चढून, सगळ्यांना सूचना देत देत. ज्युड पुढच्या सीटवर इझाबेलशेजारी बसला, पायाशी लाकडी गुटके घेऊन. पुढे बँड निघाला. पहिल्या क्रूसापाशी थांबले, प्रार्थना झाली. दुसऱ्या क्रूसापाशी थांबले. आरशात इझाबेल बघत होती. गाणाऱ्या बायका होत्या, पण रस्त्याच्या कडेने, दोन रांगांत. सेलिन मावशी त्यांच्यात पुढे. जीपच्या मागे मोकळा रस्ता होता, तोंडातला दात पडल्यासारखा.

"पुढे बघ," ज्युड म्हणाला.

"बघतेय."

पुलाच्या अलीकडे पाणी आलेलंच होतं. बँडवाल्यांनी पँटी वर दुमडल्या. जीप पाण्यातून गेली, चढाला लागली आणि अर्ध्या चढावर, क्रूसाच्या समोर, इझाबेलने ब्रेक दाबला. पेडल पायाखाली घट्ट राहिलं. हँडब्रेक ओढला. ज्युड उतरला आणि दोन्ही चाकांमागे गुटके पायाने सरकवून आला. फादरांनी प्रार्थना सुरू केली. इझाबेलचे ओठ हलत होते, नजर आरशात होती. जीप तिथेच होती. पुढची प्रार्थना झाली, त्यापुढचीही झाली. जीप तिथेच होती.

प्रार्थना संपली. ज्युडला वाकता येत नव्हतं, त्याने जीपला धरून पायानेच गुटके काढले. आता जीपला धरून फक्त ब्रेक होते. आता गाणं सुरू व्हायला हवं होतं, पण होईना. बायका मावशीकडे बघत होत्या.

आरशात मावशी कडेच्या रांगेतून बाहेर आली. साडीचा काठ एका हाताने सावरत ती चढावरून तिरकी चालत जीपच्या मागे आली आणि उभी राहिली. मोडून सांधलेला, थोडा वाकडाच राहिलेला हात तिने जीपच्या मागच्या फळीवर ठेवला आणि जरा दाबून पाहिला. मग मान काढून पुढे ओरडली,

"पुढं घेतेस का गं इझाबेल, का सनाचं जेवन इथंच मागवायचं?"

मागे हशा झाला. एकेक करून बायका रस्त्याच्या मध्ये आल्या. इझाबेलने पहिला गिअर टाकला, क्लच सोडता सोडता इंजिनचा जोर पायाखाली जाणवेपर्यंत थांबली आणि मगच हँडब्रेक खाली केला. जीप वर सरकली. फळीवरचा हात तसाच होता, आणि पाठीमागून, अगदी जवळून, मावशीने गाणं उचललं.